पाहुण्या काचा

"हा स्मिअर घेतलाय की भिंत लिंपलीय?" खिडकीवाली मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता करवादली. "थरावर थर, वर रक्त. ह्यात मी पेशी शोधू की माझं नशीब?"

"नशीब शोध," दारवाली म्हणाली. "पेशींसाठी चष्मा बदलावा लागेल तुला."

एरवी मधलीनं ह्यात आपलाही चमचाभर घातला असता. आज ती एकाच काचेवर अडली होती.

तिघींना हजेरीपुस्तकात नावं होती, पण खोलीत ती कुणी वापरत नसे. खिडकीशी बसते ती खिडकीवाली, दाराशी बसते ती दारवाली, आणि दोघींच्या मध्ये, जिला ना वारा लागतो ना वेळेवर सटकता येतं, ती मधली. काम तिघींचं एकच. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून पुसून घेतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून इथे येत आणि रंगवल्या जात. मग ह्या तिघी ती काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत; फरशी पुसावी तशी, एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवत. हजारो साध्यासुध्या पेशींत एखादी काळपट, वाकडी, पोट सुटलेली दिसली की तिच्या शेजारी शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका वेळेवर पडला तर ती बाई छोट्याशा उपचारावर घरी जाते. नाही पडला तर कॅन्सरला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि त्याला कधीच घाई नसते.

आज सकाळी नोंदणीच्या काकांनी मधलीच्या टेबलावर एक जुनी काच आणून ठेवली होती. ट्रेमध्ये नाही, एकटीच, कागदी पाकिटात. बाईचं वय एक्केचाळीस. महिन्यापूर्वी तिला कॅन्सर निघाला होता आणि तो काही कालपरवा उगवलेला नव्हता. असं झालं की त्या बाईच्या जुन्या काचा कपाटातून काढून पुन्हा बघायच्या, असा नियम. तीन वर्षांपूर्वीच्या ह्या काचेवर शेरा होता 'नॉर्मल'. शेऱ्यापुढे सही मधलीची.

अकरा पेशी होत्या. काचेवरच्या नंबराच्या चिठ्ठीच्या बाजूला, खालच्या अंगाला, एका घोळक्यात. केंद्रकं फुगलेली, गडद, कडा कुरतडल्यासारख्या. रक्ताखाली दडलेल्या नव्हत्या, थरात चेपलेल्या नव्हत्या. बसथांब्यावरच्या माणसांसारख्या उघड्यावर उभ्या होत्या, कुणीतरी थांबेल म्हणून.

मधलीनं ती काच आठवून बघितली. आठवेना. आठवण्याजोगं तिनं त्या काचेशी काही केलंच नसणार. काचेचा नंबर सातवर संपत होता.

आता ह्या सातात एवढं काय, ते सांगायला हवं. 'नॉर्मल' ठरलेल्या काचांपैकी दहातली एक दुसऱ्या कुणीतरी पुन्हा बघायची असते. पहिलीनं नीट बघितलं का, ह्याची ती परीक्षा. इथे ती परीक्षा ताई घेत. ताई म्हणजे सगळ्यांत जुन्या, आतल्या टेबलावर बसणाऱ्या, तिघींनाही पहिला ठिपका द्यायला शिकवणाऱ्या. सोळा वर्षांपूर्वी, त्या वेळचे डॉक्टर ज्या बाईवर खार खाऊन असत तिच्याच काचा फेरतपासणीला काढत. ताईंनी भांडभांड भांडून नियम करून घेतला: दर दहावी काच, नंबर शून्यावर संपणारी, मग ती कुणाची का असेना. न्याय झाला. सगळ्या खूश झाल्या.

पण नंबर चिठ्ठीवर छापलेला, आणि चिठ्ठी अगदी नाकासमोर. शून्य आलं की पाठी आपोआप ताठ होत, बोलणं थांबे, बोटं सावकाश फिरत. त्या काचेला आठ मिनिटं मिळत. बाकीच्या नऊ जणींना तीन-तीन. असं कुणी ठरवलं नव्हतं. एकीनं दिवसाला साठ काचा बघायच्या असा नियम होता, येत होत्या नव्वद, आणि दोन खुर्च्या चार वर्षं रिकाम्या होत्या. कुठेतरी हात आखडणारच होता. तो जिथे कुणी विचारणार नव्हतं तिथे आखडला.

शून्यवाल्यांना त्या 'पाहुण्या' म्हणत. "आज पाहुण्या फार झाल्या बाई." "पाहुणी आलीय, थांब जरा, मग बोलू." पाहुणीचं सगळं नीट करायचं, घरच्यांनी काय उरेल त्यात भागवायचं. थट्टाच होती ती. आणि दर महिन्याला डॉक्टरांच्या खोलीबाहेर तक्ता लागे: अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के. तक्ता खोटा नव्हता. शून्यावर संपणाऱ्या बायकांसाठी ही प्रयोगशाळा खरोखरच फार चांगली होती.

पाहुण्या हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. त्याच्या पुढचं वाक्य मात्र सोळा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"जरा इकडे ये," मधली खिडकीवालीला म्हणाली. "हे बघ. ही मी सोडलीय."

खिडकीवालीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "सुटते गं एखादी."

"एखादी? अगं, समोर उभ्या आहेत त्या."

"दिसतात मला. पण जिवाला लावून घेऊ नकोस. चहा मागवू?"

"नंबर बघ तिचा."

खिडकीवालीनं नंबर बघितला, आणि मग तिला एकदम चष्मा पुसावासा वाटला. "साखर कमीच ना तुला?" ती म्हणाली.

दारवालीनं तर काच न बघताच पाठीवर हात ठेवला. काका म्हणाले, बाई, आमच्या नोंदीतसुद्धा चुका होतात हो. मधलीला गुन्हा कबूल करायचा होता, आणि जो तो तिला चहा पाजत होता.

दुपारी ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"मी बघितली काच," ते म्हणाले. "वाईट झालं. पण बाई, जगातली कुठलीही प्रयोगशाळा घ्या, एखादी निसटते."

"सर, मागच्या तीन वर्षांच्या काचा पुन्हा बघायला हव्यात. सगळ्या नाही जमणार, पण ज्या बायका परत तपासणीला आल्याच नाहीत त्यांच्या तरी."

"किती होतील कल्पना आहे? आणि कशाच्या आधारावर? एका काचेच्या? आपला आकडा बघितलात ना?"

"मी आकड्याचंच म्हणतेय."

"मग झालं तर," डॉक्टर समाधानानं म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण दात इतके आवळून धरलेत की कानशिलं दुखायला लागलीत.

घरी धाकटी जाऊ भाजी निवडत बसली होती. मधलीनं चपलाही नीट काढल्या नाहीत. "तुझा तो गेल्या वर्षीचा रिपोर्ट कुठाय गं?"

"कुठला? तो? नॉर्मल आलाय की. तुम्हीच तर हात धरून नेलंत, तुम्हीच येऊन सांगितलंत."

"नंबर बघायचाय."

"का? लॉटरी लागली का माझ्या नंबराला?" जाऊ हसत उठली आणि विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यातून कागद काढून आणला. नंबर तीनवर संपत होता. "काय झालं, वहिनी?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारं माणूस कागद असा दोन्ही हातांनी धरत नाही."

"अगं, काही नाही म्हटलं ना!" मधली ओरडली, आणि जाऊ चूपचाप पुन्हा भाजीपाशी जाऊन बसली. घरात सगळ्यांत कमी दोष जिचा, तिच्यावरच आवाज चढला. हेही नेहमीचंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं काकांकडून पहिल्यांदा जावेची काच मागून घेतली. सही दारवालीची होती. मधलीनं चौदा मिनिटं घेतली. वरून खाली, खालून वर, कडा वेगळ्या, कोपरे वेगळे. संशय नसतानाही भिंग बदलून बदलून. काच स्वच्छ होती. तिनं मान मागे टाकून लांब श्वास सोडला, आणि तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आतच तिला स्वतःची शरम वाटली. एक्केचाळीस वर्षांच्या त्या बाईच्या काचेला हिनं तीन मिनिटं दिली होती. तिचीही कुणीतरी जाऊ असेल. त्या बाईनंही घरी येऊन तिला, नॉर्मल आहे गं, म्हणून सांगितलं असेल.

"काका, अजून काचा लागतील."

"कुठल्या काढू?"

"त्याच आठवड्यातल्या. पाहुण्या सोडून."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी ट्रे काढून दिला.

त्यानंतरच्या अठरा सुट्ट्यांत मधली डबा घेऊन बसलीच नाही. दोन घास उभ्याउभ्या खाई आणि काम सुरू करी. खिडकीवाली आणि दारवाली समोर बसून जेवत, मुलांच्या परीक्षा, सासरचे दुखणेकरी, असलं सगळं बोलत, आणि तिच्यासमोरच्या ट्रेकडे बघत नसत. एखाद्याच्या घरात भांडण चालू असताना आपण शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघतो, तसं.

एकदाच खिडकीवालीला राहवलं नाही. "तू हे कुणासाठी करतेयस?"

"तुला माहीत नाही?"

"मला एवढंच माहीताय की तुझे डोळे चुलीत चाललेत. एकटीच्यानं कपाट संपणाराय का ते?"

"मग ये की मदतीला."

खिडकीवालीनं डब्याचं झाकण लावलं. तीनदा लावलं, बसेपर्यंत.

अठरा सुट्ट्या, एकशेचार काचा. दोन निघाल्या. एकीवर सही मधलीची, दुसरीवर खिडकीवालीची. एक तर अशी, की नवशिक्या मुलीनंही ठिपका दिला असता.

मधली दोन्ही घेऊन ताईंकडे गेली. ताईंना निवृत्त व्हायला दोन महिने होते. निरोपाला भेट काय द्यायची ह्याची बाहेर कुजबुज चालू होती. ताईंनी पहिली काच लावली, मग दुसरी. बोटं अजून अशी फिरत की बघत राहावं.

"ठिपके बरोबर दिलेस," त्या म्हणाल्या.

"ताई, ह्या दोन एकशेचारांतल्या आहेत. कपाटात किती असतील?"

"ह्या दोघींना लगेच बोलावायला सांगते डॉक्टरांना."

"दोघींना तर बोलवालच. पण सगळ्यांचं काय?"

"सगळ्यांचं म्हणजे?"

ताईंनी वर बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. विनवणी होती. ज्या बाईनं खुर्चीमागे उभं राहून, खांद्यावर हात ठेवून, "घाबरू नकोस, दिसेल तुला," असं म्हणत हिला सगळं काम शिकवलं, ती आता हिच्याकडे, नको ना गं, अशा नजरेनं बघत होती.

"काही नाही," मधली म्हणाली. हे दोन शब्द आपल्या तोंडून हल्ली फार सहज निघतात असं तिला वाटलं, आणि स्वतःच्याच जिभेचा संताप आला.

त्या दोघी बायकांना बोलावलं गेलं. दोघींचंही वेळेत सापडलं होतं. आणि डॉक्टरांनी काय करावं? तक्त्याखाली एक चौकट वाढवली: 'जागरूक कर्मचाऱ्यांमुळे दोन रुग्णांचं निदान'. सगळ्यांना जमवून मधलीला पुढे बोलावलं, टाळ्या वाजवल्या. खिडकीवालीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, खाली बघून.

"सर, जागरूक नव्हतो म्हणून तर त्या सुटल्या होत्या," मधली म्हणाली.

"हाच तो विनय," डॉक्टर म्हणाले.

आता ओरडावं, तर ओरडण्याचंही कौतुक व्हायचं. भिंतीला धडक द्यावी तर भिंत मागे सरते, गादी आणून देते आणि विचारते, लागलं का?

मग पाहणीच्या मॅडम आल्या. वर्षातून एकदा त्या वरच्या कार्यालयातून येत, रजिस्टरं तपासत आणि शेरा लिहून जात. त्या शेऱ्यावर प्रयोगशाळेचं पुढचं वर्ष अवलंबून. टेबलाभोवती डॉक्टर, ताई, तिघी, आणि टोकाला रजिस्टरांचा ढीग मांडून काका.

मॅडम हुशार होत्या. आकडा बघून त्या खूश झाल्या नाहीत. "इतका चांगला आकडा मला कुठेच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "फेरतपासणीची काच निवडता कशी?"

"निःपक्षपातीपणे," डॉक्टर म्हणाले.

"दर दहावी, मॅडम," काका म्हणाले. कामाचं विचारलं की काकांना खरं सांगायची सवय होती.

"दर दहावी म्हणजे? नंबरवरून?"

"शून्यावर संपणारी."

"आणि हे बघणाऱ्यांना माहीत असतं?"

दारवाली नखं बघायला लागली. खिडकीवालीनं चष्मा काढला.

"कामाच्या रगाड्यात नंबर कोण बघतं, मॅडम," डॉक्टर हसून म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. "तरी बदला. पुढच्या महिन्यापासून निवड कॉम्प्युटर करेल, कुठली निघेल ते कुणालाच कळणार नाही. एवढी सूचना लिहिते."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मधलीला तो ऐकू आला. आणि तिला लख्ख दिसलं की काय होतंय. पुढच्या महिन्यापासून सगळं नीट होणार, आणि त्याच सूचनेनं मागच्या तीन वर्षांच्या कपाटाला कुलूप लागणार. त्यात ज्या बायका रिपोर्ट बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून निर्धास्त बसल्यात, त्यांना कुणी बोलावणार नाही.

"आणि आधीच्यांचं काय?" ती म्हणाली.

"बाई..." डॉक्टर म्हणाले.

"मॅडम, ती एक्केचाळीस वर्षांची बाई आहे ना, कागदात असेल तुमच्या, ती काच मी सोडली. नंतर मी एकशेचार बघितल्या, त्यांत दोन निघाल्या. मी काचांना वेळ देत नव्हते. माझ्या सह्यांच्या सगळ्या काढून बघा."

मॅडमनी पेन थांबवलं. "वेळ देत नव्हता म्हणजे? थकवा येतो का? डोळ्यांचा काही त्रास?"

"थकवा नाही. डोळे चांगले आहेत माझे. डोळे चांगले होते म्हणूनच तर नंबर..." आणि इथे तिची जीभ अडली. पुढचं वाक्य 'मी'नं सुरू होत नव्हतं. ते 'आम्ही'नं सुरू होत होतं. शेजारी खिडकीवाली बसली होती, जिच्या घरात तिच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. आणि समोर ताई, निवृत्ती तोंडावर आलेल्या.

"बाई अतिशय प्रामाणिक आहेत," डॉक्टर मॅडमकडे झुकून हळूच म्हणाले. "फार मनाला लावून घेतलंय त्यांनी. एका व्यक्तीची चूक आहे, व्यवस्थेची नाही. आपण ह्यांना दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवू. त्यांच्या काही काचा नमुन्यादाखल बघू. काय बाई?"

मधलीनं खिडकीवालीकडे बघितलं, दारवालीकडे बघितलं. दोघींच्या माना खाली. हेच ते. सांगितलं, तरी सांगितल्यासारखं झालं नाही. तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं, रजिस्टरांसकट.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि लिहीत असतानाच मोठ्यानं वाचू लागल्या. "एका तपासनीसाकडून वैयक्तिक चूक. पुनःप्रशिक्षण..."

"ते खोडा, मॅडम."

ताई उभ्या राहिल्या होत्या. बसूनही बोलता आलं असतं. पण त्या उभ्या राहिल्या, आणि उभं राहिल्यावर हातांचं काय करावं ते न सुचून त्यांनी टेबलाची कड धरली.

"ताई, तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाले. "आपण नंतर..."

"नंतर मी नसेन. तिला कुठं पाठवता शिकायला? तिला मी शिकवलंय, तिला येतं सगळं." त्या मॅडमकडे वळल्या. "शून्यावर संपणारी काच आम्ही नीट बघतो, मॅडम. कारण ती पुन्हा बघितली जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीच्या नऊ आम्ही नुसत्या पुढे सरकवतो. ही एकटी नाही, सगळ्या जणी. आणि मला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे."